पत्ता न देता लिहिते : आमच्या तालुक्यातला कुत्र्यांचा आसरा

ज्या जागेबद्दल लिहायला बसले आहे, तिचं नाव आणि पत्ता मी देणार नाही. तिथल्या भाऊंनी आणि वहिनींनी तेवढी एकच गोष्ट मागितली आहे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी चांगल्या मनानं पत्त्यासकट माहिती मोबाईलवर फिरवली. पुढच्याच आठवड्यात सकाळी फाटक उघडलं तर समोर खताचं पोतं, तोंड सुतळीनं आवळलेलं, आत पाच पिल्लं. तीन जिवंत होती. त्यानंतर एक म्हातारा जर्मन शेफर्ड कुंपणाच्या तारेला बांधलेला सापडला. रात्रभर ओढाओढ करून त्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी रुतली होती. म्हणून एवढंच सांगते : वर्धा जिल्हा, आर्वीकडचा पट्टा, डांबरी रस्ता सोडून पांदणीनं आत गेलं की दीड एकराचं वावर. तिथं आधी सोयाबीन व्हायचं.

माझी गावात पिठाची चक्की आहे, २००९ पासून. या आसऱ्यात मी एक लॅब्राडोर कुत्री दिली, पुढं चार पिल्लं दिली, आणि एक कुत्रा तिथून घरी आणला. म्हणजे देणारी मी आणि घेणारीही मीच. शिवाय चक्कीखालचं झाडून निघालेलं ज्वारी-गव्हाचं पीठ दर शनिवारी मी तिथं पोचवते, त्यामुळं ही जागा न कळवता, न ठरवता, कोणत्याही दिवशी पाहिलेली आहे. चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिते. कुत्रं आणायचा किंवा सापडलेलं द्यायचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांच्या कामी येईल.

सुरुवात सोनीपासून करते.

मे २०२२. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. फाट्यावरच्या कडुनिंबाखाली एक पिवळी लॅब्राडोर बसून होती. गळ्याभोवती पट्टा काढल्याची खूण, तिथले केस घासून गेलेले. पोटाखाली सड लोंबत होते, किती विणी झाल्या असतील देव जाणे. कोणीतरी तिची पिल्लं विकली, आणि ती थकल्यावर गाडीत घालून आणून सोडली. हे मी अंदाजानं लिहीत नाही. पांढरी चारचाकी आली की ती उठून उभी राहायची, शेपूट दोनदा हलवायची, गाडी निघून गेली की परत बसायची. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, काळी गाडी, कशालाच उठत नव्हती. दुपारभरात मी हे सात वेळा पाहिलं.

तळपाय डांबरानं पोळून सोललेले. कानात बोट घातलं तर गोचीड, रक्त पिऊन एरंडीच्या बियांएवढे टम्म फुगलेले, एकाला एक चिकटून. एका कानातले मोजत होते, चाळिसावर सोडून दिलं.

आसऱ्याचा नंबर चक्कीवर दळण आणणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं दिला. फोन वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "ताई, आज जागा नाही जी. दोन दिवस तुमच्याजवळ ठेवता का?"

मला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं गाडी येईल, घेऊन जाईल. बऱ्याच जणांना तसंच वाटतं, आणि गाडी आली नाही की लोक नावं ठेवतात. पण त्या बाईनं फोन ठेवला नाही. पाऊण तास बोलत होत्या. गोणपाट ओलं करून तिच्या खाली टाका. पाणी एकदम बादलीभर ठेवू नका, थोडं थोडं पाजा. बर्फ लावू नका. वरचा ओठ उचलून हिरड्या पाहा, गुलाबी आहेत का पांढऱ्या? मी पाहिल्या. पांढरट होत्या, जुन्या चुन्याच्या भिंतीसारख्या. "मग गोचीड ताप असंल. रक्त तपासावं लागंल." गोचीड नखानं चिरडू नका, हातमोजा किंवा पिशवी घालून काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. दहीभात द्या, वरण द्या पण तिखट-तेल नको.

ते दोन दिवस मी तिला चक्कीच्या मागच्या पडवीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी भाऊ छोटा हत्ती घेऊन आले. गाडीत चढवताना ती चढेना. गाडीत बसलं की सोडून देतात हे तिला आता ठाऊक झालं होतं. भाऊ स्वतः आधी आत जाऊन फळीवर आडवे झाले आणि पंधरा मिनिटं नुसते पडून राहिले. ती आपणहून चढली.

रक्ततपासणीत गोचीड तापच निघाला. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. रोज सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता. गोळ्या मध्येच सोडल्या की हा ताप उलटतो. मी त्या महिन्यात चार शनिवार गेले, आणि चारही वेळा भिंतीवरच्या वहीत तिच्या नावापुढं खुणा भरलेल्या पाहिल्या.

आता जागेबद्दल. जुना गुरांचा कोठा आहे, त्याला पुढं टिनाची शेड काढली आहे. टिनावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाड थर आणि वरून हिरवी जाळी, त्यामुळं उन्हाळ्यात आत बसवतं. विहिरीच्या सिमेंटच्या दोन कड्या आडव्या ठेवून पाण्याची टाकी केली आहे, मे महिन्यात कुत्री तिच्यात पोटापर्यंत बसलेली असतात. मी जाते तेव्हा साधारण साठ-सत्तर जनावरं असतात. नवीन आलेलं कुत्रं पहिले चौदा दिवस कोणात मिसळत नाहीत. त्याला वेगळी खोली, वेगळं भांडं आणि वेगळा झाडू. वास येतो. इतकी कुत्री म्हटल्यावर वास येणारच, पण तो कालच्या घाणीचा वास नसतो. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीच्या कण्या, तांदूळ, भोपळा, आणि तालुक्याच्या गावातून मिळतात ते कोंबडीचे पाय-मुंड्या. मीठ नाही. हे सगळं मोठ्या पितळी गुंडात चुलीवर शिजतं.

आणि तरीही याच जागेत माझी तीन पिल्लं मेली.

ऑगस्ट २०२३. पावसाळ्याचे दिवस. शाळेच्या मागं एक गावठी कुत्री व्याली होती, ती ट्रॅक्टरखाली गेली. चार पिल्लं, दीडेक महिन्याची, नुकती अन्नाला लागलेली. मी ती आसऱ्यात दिली. पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला, पार्व्हो लागला. मी गेले. ज्यांनी तो आजार पाहिला नाही त्यांना सांगते, आधी पिल्लू नुसतं गप्प होतं. खेळत नाही, कोपऱ्यात तोंड करून बसतं. मग उलट्या, मग रक्ताची पातळ हगवण, आणि त्या हगवणीला असा वास असतो की एकदा नाकात गेला की पुढच्या वेळी दारातूनच ओळखू येतो. एवढ्याशा पायात सलाईनची सुई. शिरही धाग्याएवढी. दोन गेली त्याच रात्री, तिसरं सकाळी माझ्या मांडीवर. एक वाचलं.

चूक कोणाची? मी तेव्हाच विचारलं आणि भाऊंनी सरळ सांगितलं, "आमची." ज्या खोलीत पिल्लं ठेवली, तिथं दीड-दोन महिन्यांपूर्वी पार्व्होचंच एक कुत्रं होतं. खोली फिनाईलनं धुतली होती. फिनाईलनं हा विषाणू मरत नाही. तो मातीत, भिंतीच्या भेगांत महिनोन्‌महिने टिकतो, त्याला ब्लीचिंगचं पाणी लागतं आणि तेही दहा मिनिटं तसंच राहू द्यावं लागतं. पिल्लांना लस टोचलेली नव्हती. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, तोवर पिल्लाला गर्दीच्या ठिकाणी ठेवणं म्हणजे त्याला आगीजवळ ठेवणं. हे त्यांना माहीत असायला हवं होतं. मी त्यांना हे तोंडावर बोलले आणि इथंही लिहिते आहे, कारण त्या तीन जिवांचा हिशेब कुठंतरी लिहिलेला असावा असं मला वाटतं.

पुढं काय झालं तेही लिहिलं पाहिजे. त्या खोलीची फरशी उखडून कोबा केला. आता लहान पिल्लं आसऱ्यात ठेवतच नाहीत, दुसरी लस होईपर्यंत ती कोणाच्या तरी घरी वाढवतात. वहिनी त्या घरी ब्लीचिंग, भांडी, कण्या, जंताचं औषध सगळं पोचवतात. आमच्या चक्कीच्या पडवीत आजवर अशा तीन खेपा वाढल्या. एक पिल्लू जंतानं गेलं, बाकी सगळी घरांना लागली.

कुत्रं घरी देण्याची त्यांची पद्धत लोकांना जाच वाटते. मला ही जागा पटली ती त्या जाचामुळंच. फॉर्म साधा आहे, एक पान. पण घर पाहायला ते स्वतः येतात, आणि घरातल्या प्रत्येक माणसाशी वेगळं बोलतात, म्हातारीशी सुद्धा. अटी अशा : नसबंदी होणार, पिल्लं काढायची नाहीत. चोवीस तास साखळीला बांधायचं नाही. दर वर्षी रेबीजची लस, आणि तिचं कार्ड दाखवायचं. नको झालं तर इतर कोणाला परस्पर द्यायचं नाही, रस्त्यावर सोडायचं नाही, आम्हालाच परत द्यायचं. दिवस असो की रात्र. घर पाहायला आल्यावर आणखी एक गोष्ट ते पोरांना करून दाखवतात, कुत्रं चावलं तर काय करायचं. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद काही भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि इंजेक्शनं मध्येच सोडू नका. आमच्या गावात आजही चावलेल्या जागी मिरची भरणारी माणसं आहेत, म्हणून मी हे त्यांच्या कामातलं मोठं काम समजते.

सोनी बरी झाली, अंगावर तकाकी आली. तेव्हा शेजारच्या गावचा एक माणूस तिला मागायला आला. चांगला खातापिता. त्याला तिची पिल्लं काढायची होती. भाऊंनी नाही म्हटलं. "काऊन देत नाई? मी पैसे देतो ना!" पंधरा हजारांपर्यंत गेला. त्या महिन्यात आसऱ्यावर किराण्याची उधारी होती, हे मला ठाऊक होतं कारण दुकानदार माझ्या शेजारचा. भाऊ म्हणाले, "तिचं झालं जी आता. तिनं लय पिल्लं देल्ली." तो माणूस आजही गावोगाव सांगतो की हे लोक माजले आहेत.

मग पुलगावकडच्या एका एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरच्या घरी ती गेली. चांगलं घर होतं. फोटो यायचे, सोनी पलंगाखाली, सोनी गणपतीसमोर. पाचव्या महिन्यात सून बाळंतपण होऊन आली, घरात तान्हं बाळ, कोणीतरी सांगितलं कुत्र्याचे केस बाळाच्या छातीत जातात. रात्री साडेनऊला काका तिला घेऊन आसऱ्यात. मी दुसऱ्या दिवशी गेले तर ती फाटकाजवळ रस्त्याकडं तोंड करून बसली होती. पांढरी गाडी गेली. ती उठली.

मला त्या काकांचा खूप राग आला होता. वहिनींनी मला गप्प केलं. म्हणाल्या, त्यांनी परत आणली हे किती बरं केलं, फाट्यावर नाही सोडली. आपण त्यांना घालूनपाडून बोललो तर उद्या दुसरा कोणी परत आणणार नाही, सोडून देईल. मला हे पचायला वेळ लागला. कुत्रं देणारे पुष्कळ आहेत. माझ्या पाहण्यात दोन ठिकाणं अशी आहेत जिथं कुत्रं एकदा दिलं की फोनसुद्धा उचलत नाहीत. परत आलेलं कुत्रं एक शब्द न विचारता आत घेणारी जागा मी ही एकच पाहिली, आणि माझ्या लेखी आसऱ्याची परीक्षा तिथंच होते.

सोनी आता कारंजा घाडगेच्या बाजूला एका संत्र्याच्या बागेत आहे. तिथं शेततळं आहे. घर पाहायला गेले तेव्हा भाऊंनी अट घातली, तळ्यात चारही बाजूंनी दोर सोडा आणि त्याला जुने टायर बांधा, मगच देतो. प्लास्टिकच्या कागदावरून कुत्र्याचा पाय निसटतो, कितीही पोहणारं असलं तरी वर येता येत नाही, थकून बुडतं. बागवाल्यांना हे सुचलंच नव्हतं. दोर आठवड्यात लागले. आणि मागल्या पावसाळ्यात त्याच दोरानं बागेतल्या मजुराचं पोरगं वर आलं.

आता काळू. हा माझा.

काळू गावठी आहे, काळाकुट्ट, छातीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. डिसेंबरात तुरी उभ्या असताना रानडुकरासाठी लावलेल्या फासात त्याचा पुढचा डावा पाय गेला. गाडीच्या क्लचची तार होती. तीन दिवस तो त्या तारेला होता असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं, कारण तारेखालचं मांस काळं पडलं होतं आणि जखमेत अळ्या झाल्या होत्या. आसऱ्याच्या लोकांनी त्याला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. पाय खांद्यापासून काढावा लागला. जीव वाचला, आणि मग तो आसऱ्यात चौदा महिने पडून राहिला.

चौदा महिने. त्या काळात माझ्या डोळ्यांसमोर दोन पामेरियन, एक पग, तीन लॅब्राडोर आले आणि महिन्याच्या आत घरी गेले. तालुक्याच्या गावात बाजाराच्या मैदानावर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा मांडव लागतो, तिथं लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कोणती जात आहे?" गावठी म्हटलं की पुढं सरकतात. आमच्या उन्हाला, आमच्या भाकरीला, आमच्या चिखलाला टिकणारं कुत्रं हेच, आणि त्यालाच कोणी विचारत नाही. यानं मला आजही वाईट वाटतं.

मी पीठ घेऊन गेले की काळू यायचा आणि माझ्या चपलेच्या कडेला बसलेलं पीठ चाटायचा. पोत्यातलं नाही, चपलेचंच. आधी उजवी, मग डावी. एका शनिवारी मी वहिनींना म्हटलं, याला मी नेते.

त्यांनी मला नाही म्हटलं.

दोन वर्षांची ओळख, दर शनिवारचं पीठ, पडवीत वाढवलेली पिल्लं, तरीही नाही. कारण माझ्या चक्कीचा पट्टा उघडा होता. मोटारीपासून चक्कीपर्यंत जाणारा तो पट्टा मी पंधरा वर्षं तसाच चालवत आले होते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. भाऊ म्हणाले, "तीन पायाचं जनावर घसरते ताई. त्याचं शेपूट गेलं त्यात तर?" मला लागलं, पण खोटं नव्हतं. वेल्डरकडून जाळी करून घेतली, बाराशे रुपये. ती पाहून गेले, हातानं हलवून पाहिली, मग काळू आला. दळणाला येणाऱ्या बायांचे पदर त्या पट्ट्याजवळून जातात हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

वहिनींनी सांगून ठेवलं होतं, पहिले तीन दिवस तो घाबरेल, तीन आठवड्यांनी घर ओळखेल, तीन महिन्यांनी घर त्याचं होईल. मध्ये काही बिघडलं तर घाई करून परत आणू नका, आधी फोन करा. पहिले तीन दिवस तो गव्हाच्या पोत्यांमागं होता. भाकरी ठेवली तर मी झोपल्यावरच खायचा. चौथ्या दिवशी मोटार सुरू केली तर अंगणातून पळाला, तीन पायांवर, पार मारुतीच्या पारापर्यंत. मी रडले. फोन केला. भाऊ म्हणाले, मागं धावू नका, बसून राहा पारावर, पीठ लागलेली चप्पल काढून बाजूला ठेवा. दीड तास बसले. आला.

तिसऱ्या दिवशी, एकविसाव्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. तारीख लावून. दुकानदार, कंपन्या, बँका, सगळ्यांचे फोन येतात, वस्तू विकून झाल्यावर कसं चाललंय हे विचारायला कोणाचा फोन येत नाही.

आता तो मोटारीच्या शेजारी झोपतो. इतक्या आवाजात त्याची कूसही बदलत नाही. लाईट गेली आणि चक्की थांबली की मात्र खडबडून उठतो, माझ्याकडं पाहतो, लाईट येईपर्यंत दारात उभा असतो. दळणाला येणाऱ्या एक आजी सुरुवातीला म्हणायच्या, "तीन पायाचं कुत्रं काय कामाचं वं बाई?" आता त्याच त्याच्यासाठी पदरात पोळीचा तुकडा बांधून आणतात.

तक्रारी आणखी आहेत. एक मोठी. माझ्या शेजारच्या घरी त्यांनी एक तांबडा कुत्रा दिला, दोन वर्षांचा, माणसांशी फार गोड. पहिल्याच आठवड्यात त्यानं तीन कोंबड्या मारल्या, त्यातली एक खुडूक बसलेली. शेजारीण कोंबड्यांवर पोराच्या शाळेचा खर्च काढते. आसऱ्यानं कुत्रा परत नेला, कोंबड्यांचे पैसेही दिले, पण प्रश्न पैशाचा नव्हता. गावात कुत्रं देताना कोंबडी, बकरी, वासरू यांच्याजवळ ते कसं वागतं हे आधी पाहायलाच हवं. शहरातल्या लोकांच्या फॉर्मवरून फॉर्म बनवला की हे राहून जातं. आता त्यांनी कोठ्याच्या टोकाला जाळीत पाच कोंबड्या पाळल्या आहेत आणि प्रत्येक कुत्रं तिथं नेऊन बसवतात. हा बदल झाला याचं समाधान आहे, पण शेजारणीनं त्यानंतर कुत्रं घेतलं नाही, आणि घेणारही नाही.

फोन दुपारी दोन ते चार बंद असतो. जखमी जनावर घड्याळ पाहून पडत नाही. डॉक्टर फक्त बुधवारी येतात, एरवी भाऊंच्या हातचं ड्रेसिंग. वर्गणीची पावती मागावी लागते, मागितली तर देतात, पण न मागता द्यायला हवी. म्हाताऱ्या कुत्र्यांना तरण्यांच्यातच ठेवतात, जेवताना त्यांच्या वाट्याला धक्के येतात. मी हे चारदा सांगितलं आहे.

पैसे : कुत्र्याचे काही घेत नाहीत. लस, जंताचं औषध आणि पट्टा मिळून माझ्याकडून आठशे घेतले. ज्याच्याकडं नसतील त्याच्याकडून ज्वारी घेतात.

लोकांचा एक गैरसमज इथं दूर करायला हवा. आमच्या सरपंचांनी मला सांगितलं, "ताई, गावातले सारे कुत्रे घेऊन जा म्हना त्यायले." हा आसरा निरोगी गावकुत्री उचलत नाही, आणि त्यावरून त्यांना फार बोलणी बसतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं अशा कुत्र्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून आणलं तिथंच परत सोडायचं, आणि ही जबाबदारी ग्रामपंचायत, नगरपालिका यांची आहे. जागा रिकामी केली की शेजारच्या गावची कुत्री तिथं येतात आणि पुन्हा वितात. हे आम्ही आमच्या गावात पाहिलं आहे. २०१८ च्या सुमारास काही कुत्री रातोरात नाहीशी झाली होती, वर्षभरात तितकीच परत. मागल्या हिवाळ्यात आसऱ्यानं आमच्या गावातल्या अकरा कुत्र्यांची नसबंदी केली, कानाला खाच मारून परत आणून सोडली. या पावसाळ्यात शाळेमागं पिल्लं दिसली नाहीत.

आणि पाळलेलं कुत्रं आणून सोडणं हा गुन्हा आहे, १९६० च्या कायद्यापासून. उपाशी-तहानलेलं मरेल अशा जागी जनावर टाकून देणं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. माझ्या चक्कीवर एक पायली दळायला येणाऱ्या बाईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. सोनीचे पोळलेले पाय मी पाहिलेत, त्यामुळं हा आकडा मला सहन होत नाही.

जागलीसाठी कुत्रं मागणाऱ्यांनी वेळ घालवू नये. बोरच्या जंगलाकडच्या शेतांत रात्री माचीखाली कुत्रं बांधून ठेवतात. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट, पळायलाही जागा नाही. आसरा अशा कामाला कुत्रं देत नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावालाही दिलं नाही, आणि तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही.

मी त्यांना पाचपैकी चार देते. एक त्या तीन पिल्लांसाठी कापला आहे, तो परत देणार नाही.

ज्यांना कुत्रं हवं आहे त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी मांडवात सकाळी दहाच्या आत यावं, नंतर ऊन होतं आणि जनावरं थकतात. घरातल्या सगळ्यांना घेऊन या, एकट्यानं आलात तर परत पाठवतात. जुनी पोती, चादरी, स्टीलच्या पराती आणल्या तर घेतात, शिळी बुंदी-जिलेबी आणू नका. सध्या मोतीबिंदू झालेली एक पामेरियन म्हातारी आहे, तिला भिंतीच्या कडेनं चालता येतं, फक्त घरातलं सामान हलवायचं नाही. दोन सख्ख्या बहिणी आहेत, त्या एकत्रच द्यायच्या असं ठरलं आहे. आणि पोत्यातल्या त्या तीन पिल्लांपैकी उरलेली एक, तांबू. दोन वर्षांची झाली, गावठी, उजवा कान पडलेला. तिला गडगडाटाची भीती वाटते. बकऱ्यांमध्ये राहते, आणि कोंबड्यांजवळ तिला मी स्वतः तासभर बसवून पाहिलं आहे.